कापलेल्या स्प्रिंगा

आमच्या स्पोर्ट्स कारला दोनच सीट होत्या. लाल, बुटकी, फायबरच्या बॉडीची, वर कापडी छत. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्याच एका छोट्या कारखान्यात अशा थोड्या गाड्या बनल्या आणि मग ते काम थांबलं. माझ्या नवऱ्याने ती जुनी विकत घेतली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. आम्ही दोघं नाशिकजवळच्या अंबडच्या एकाच कंपनीत. तो ड्रॉइंग ऑफिसात, मी तपासणी विभागात. ओळख तिथलीच, म्हणून आमच्यात अरे-तुरेच. मूल झालं नव्हतं. गाडी बघायला आलेल्या एका नातेवाइकांनी विचारलंच, की मागे सीट नसलेली गाडी काय कामाची. तो म्हणाला, "आम्ही दोघंच तर आहोत." इतकं सहज म्हणाला की मूल नसल्याचा विषय पहिल्यांदाच मला लागला नाही.

वर्षभर रविवारी फिरलो. मग त्याच्या मणक्यातली गादी सरकली. दोन महिने अंथरुणात गेले. चालू-फिरू लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, धक्के मात्र टाळा. आणि आमची गाडी साध्या खडीवरून गेली तरी दात वाजायचे. विकून टाकू, असं तोच म्हणाला. मी बरं म्हटलं. पण रोज सकाळी तो पेपर घेऊन खाली जायचा, दाराला धरून हळूहळू आत बसायचा आणि उभ्या गाडीतच पेपर वाचायचा. मी गॅलरीतून बघत राहायचे. गिऱ्हाईक शोधायचं माझ्याच्याने झालं नाही.

दोन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. स्पोर्ट्स कार अशीच कडक असते, असं दोघंही म्हणाले. मग मागच्या गल्लीतल्या काकांना विचारलं. ते मूळचे पेठ तालुक्याकडचे, बसच्या वर्कशॉपमध्ये तीस-बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी चाकावरच्या बॉडीवर दोन्ही हातांनी भार दिला. गाडी जेमतेम हलली. मग चाक वळवून घेऊन आत बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला सांगितलं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची खालची टोकं कुणी तरी करवतीने कापली होती. गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी म्हणून आधीच्या मालकाने केलेला उद्योग. स्प्रिंगला दबायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक खड्ड्यात ती थेट रबराच्या ठोकळ्यावर आपटत होती.

"तुम्ही कराल का दुरुस्त?" मी विचारलं.

काकांनी हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "हे असं हाय ताई. मी सांगतो, तुम्ही करा. पाना धरता येतो ना?"

मला मापं घ्यायचा व्हर्नियर धरता येत होता. पाना मी काकांकडून शिकले.

शनिवारीही कंपनीला सुट्टी. त्या दिवशी सकाळी काका यायचे, नवरा खुर्ची टाकून बसायचा, वाकायचं नाही या अटीवर. पहिला शनिवार तर फक्त जॅक लावण्यात आणि गाडी लोखंडी घोडीवर नीट टेकवण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी स्प्रिंग काढली. ती दाबून धरायला लांब स्क्रूचे दोन शिकंजे समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने एकेक फेरा द्यायचा. घाई केली तर दाबलेली स्प्रिंग उसळते. काकांनी आवाज न चढवता सांगितलं, "तिच्या वर तोंड आणू नका. ती कुणाची नाय." नवरा खुर्चीतून फेरे मोजत होता, डावा, उजवा, डावा.

तशा स्प्रिंगा बाजारात मिळेनात. मी तारेची जाडी, व्यास, वेटोळी, सगळं मोजून दिलं. गाडीच्या जुन्या माहितीपत्रकात तिची मूळ उंची होती, त्यावरून किती कापलं गेलंय ते काढलं. त्याने पलंगावर पालथं पडून, उशीवर पाट ठेवून ड्रॉइंग काढलं. आजारपणानंतर पेन्सिल तो पहिल्यांदाच हातात घेत होता. मध्येच म्हणाला, "हा कोपऱ्यातला आकडा तू तपास." ऑफिसात माझ्याकडे कागद पाठवताना म्हणायचा तसंच. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मशिनच्या स्प्रिंगा वळणारा एक कारागीर होता. त्याने ड्रॉइंग बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाला, एवढं स्वच्छ कुणी आणून देत नाही. घरी येऊन मी ते नवऱ्याला शब्दशः सांगितलं.

नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, खालच्या दांड्यांना नवी रबरी बुशं, सगळं मी बसवलं. गाडी खाली उतरवली आणि एकटीच एक चक्कर मारून आले. आपटणं थांबलं होतं, पण गाडी आखडल्यासारखी चालत होती आणि वळताना कुरकुरत होती. मी जिन्यातच बसले. महिनाभराच्या शनिवारांचं हे फळ, असं वाटून रडूच आलं. नवरा कठड्याला धरून खाली आला आणि शेजारच्या पायरीवर बसला. बसणं त्याला जड जात होतं, तरी बसला.

संध्याकाळी काका स्वतःहून आले. कुरकुर ऐकली आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी हाय. सांगायचं राहिलं." बुशांचे बोल्ट मी चाकं लटकत असताना आवळले होते. गाडी खाली टेकल्यावर ती रबरं पिळली जातात. ते बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच आवळायचे असतात. पुढच्या शनिवारी आम्ही चारही चाकांखाली जाड फळ्या रचल्या, मी खाली सरपटत गेले, बोल्ट सैल केले. गाडी जराशी खाली बसली, सुस्कारा टाकल्यासारखी. मग पुन्हा आवळले. नवरा वरून विचारत राहिला, "लागलं का कुठे?" कोपर सोललं होतं. मी नाही म्हटलं.

सिन्नरलाच जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि रविवारी सकाळी पेठ रस्त्याला लागलो. मी चालवत होते. पहिल्या गतिरोधकाला त्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. गाडी वर गेली, खाली आली, स्थिर झाली. त्याने हात सोडले नाहीत. चौथ्या-पाचव्याला सोडले. घाटाच्या अलीकडे थांबून चहा घेतला, आणि कंबर कशी आहे हे मी विचारायच्या आत तो म्हणाला, "अजून थोडं जाऊ."

परतताना त्याला झोप लागली. गेले कित्येक महिने तो रात्री कूस बदलत काढायचा; आता मान माझ्या बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. मी वेग कमी केला. घरी पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. काका गल्लीतून येताना दिसले, काचेजवळ आले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आत बघितलं, मान डोलावली आणि पायांचा आवाज होऊ न देता परत गेले.

त्याची कंबर पूर्ण बरी झाली नाही. दीड तासाच्या पुढे प्रवास झेपायचा नाही. पण दीड तासात नाशिकच्या चारी बाजूंना खूप काही आहे. ते सगळं आम्ही पाहिलं, आणि पावसाळा संपला की दरवर्षी झिजलेली बुशं मीच बदलत असे.