खाडीची रोपं महाळुंग्यात

प्रिय ईशान आणि मीरा,

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, खाडीवरचं पेन्सिलींचं झाड अजून आहे का?" आणि मी जेवणाचा विषय काढला. आज सांगण्यासारखं काही हाती आलंय, म्हणून लिहिते आहे. ते झाड, माझ्या माहेरचं तिवर (खाऱ्या चिखलात वाढणारं झाड), गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या वादळात उन्मळून पडलं. चिखलातून वर आलेल्या त्याच्या मुळांना तुम्ही पेन्सिली म्हणायचात. त्याच्याच खोडाला माझे आजोबा होडी बांधायचे. त्या खाडीवर तेवढं एकच तिवर उरलं होतं.

पडलेल्या फांद्यांवरच्या बिया माझ्या भावाने वेचल्या, मुळाशी असलेला काळा चिखल डब्यात भरला आणि दोन्ही त्याच्या मुलीकडे, तुमच्या सुनंदामावशीकडे पाठवलं. सुनंदा चाकणजवळ महाळुंग्याला एका शेडमध्ये शेतकऱ्यांसाठी जिवाणू खतं बनवते. बांधासाठी मुरूम ओतल्यापासून खाडीकाठी लावलेली रोपं पिवळी पडून मरत होती. जुन्या झाडाच्या मुळांवर राहणारे जिवाणू नव्या रोपांना दिले, तर खारं पाणी सोसायला त्यांना मदत होईल, असं सुनंदाचं म्हणणं. त्या बियांपासून तिने शेडमागे वाढवलेली रोपं आता वर्षाची झाली होती. खाडीवर नेण्याआधी त्यांना शेवटचा डोस द्यायचा होता, आणि तो माझ्या हातून द्यावा असा तिचा आग्रह.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचवडहून निघाले. बसमध्ये कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या एका मुलाने जागा दिली. परभणीचा होता.

"आजी, कंपनीत कोणी आहे का तुमचं?"

"नाही रे, रोपं बघायला चाललेय."

"चाकणला?" तो हसायलाच लागला. "तिकडं बोल्ट उगवतेत, आजी!"

मोशी आली तेव्हा सवयीने उजवीकडे पाहिलं. तुमचे आजोबा रात्रपाळी संपवून स्कूटरवरून येताना इथल्या शेतातून मेथीच्या जुड्या आणायचे, दवाने ओल्या. आता तिथे उंच इमारती आहेत आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. चाकणला उतरून रिक्षा केली. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, त्यांच्या गळ्यात आदल्या दिवशीच्या झेंडूच्या माळा सुकत होत्या.

सुनंदाच्या शेडमागे हिरव्या जाळीखाली रोपं होती, मिठाच्या पाण्यात उभी. एका बाजूला जिवाणू न दिलेली, खुरटी आणि फिकट. दुसरीकडची पोटरीएवढी उंच, पानं जाड. वाकून वास घेतला. खाडीचा तोच कुबट वास, ज्यामुळे आई मला अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे.

सुनंदा डोसची बाटली आणायला आत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. फ्रिजमध्ये बाटलीच्या जागी पेढे होते.

"कमलताई, फ्रिजमधली बाटली कुठंय?"

शेडची साफसफाई बघणाऱ्या कमलताई महाळुंग्याच्याच. त्या पदराला हात पुसत आल्या. "ती गढूळ व्हय? ती नासल्याली हुती. पूजेच्या आदी समदं धुतलं न्हाई का आमी. वतून दिली. बाटली कशी चकाचक केलीया बगा!"

खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुसून पूजतात, तसाच त्यांनी फ्रिजही धुतला होता. सुनंदाने रिकामी बाटली उजेडात धरून पाहिली. "आत्या, दुसरी बाटली नाहीये माझ्याकडे. आणि आता झाडही नाही, चिखल आणायचा कुठून?"

कमलताईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं ताक हाय. इतका वास मारीत हुतं, बाई!"

कमलताईंनी भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. जेवताना माझी नजर रोपांवरच होती. "सुनंदा," मी म्हटलं, "वर्षापूर्वी दिलेले जिवाणू या मुळांवर नसतील का अजून?"

तिने घास खाली ठेवला. "असतील. सगळे टिकले नसले तरी काही असतील. तेच वेगळे करून परत वाढवून बघते."

सगळ्यात जोमदार रोप निवडलं. कमलताईंनी रोपाची पिशवी धरली, मी मुळं मोकळी केली आणि सुनंदाने त्यांना चिकटलेला चिखल खरवडून घेतला. रोप पुन्हा लावलं. परतीच्या बसमध्ये माझ्या नखांत तो चिखल होता. घरी आल्यावर हात धुवावेसे वाटेनात.

मग वाट पाहिली. आज सकाळी फोन वाजला. सुनंदाच्या आधी कमलताईच ओरडल्या, "आक्का, पुन्यांदा नासलं बगा! पार गढूळ झालंय!"

मागून सुनंदा हसत होती. "आत्या, तपासलंय मी. तेच आहेत."

डोस देऊन पुढच्या मोठ्या भरतीनंतर रोपं खाडीवर जातील. तिथे किती जगतील, सांगता येत नाही. झाड गेलं, माझ्या आजोबांची होडी तर कधीच गेली. पण त्या झाडाची रोपं आहेत, आणि त्यांच्या मुळांवर आपल्या खाडीतलं ते न दिसणारं काहीतरी अजून जिवंत आहे.

तुमची आजी