यमुनाबाईंचं खळं आणि साहेबांची गॅलरी

यमुनाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते कोपर गावातल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर. बोलायला दम पुरत नव्हता, तरी मला पाहताच त्यांनी विचारलं, "मास्तर, साहेब मेला का?" मी म्हटलं, "नाही, ठणठणीत आहेत. कालच एका नाल्याचं भूमिपूजन केलं." त्यांचा चेहरा पडला. "मंग मीच पयली जानार..." पाच दिवसांनी त्या गेल्या. मरणाऱ्या माणसाने जाता जाता सगळ्यांना क्षमा करावी, अशी मागे राहणाऱ्यांची अपेक्षा असते. यमुनाबाईंनी ती पूर्ण केली नाही, आणि हे लिहिताना माझाही तसा विचार नाही.

खाडीकाठी कोळणींचं खळं होतं. म्हणजे जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घालायची, चोपून सारवलेली मोकळी जागा. यमुनाबाईंच्या सासूच्या सासूनेही तिथेच जवळा पसरला होता. मग आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा आल्या. नौकांच्या शर्यती खाडीत होणार आणि पाहुण्यांना बसायची पायऱ्यांची गॅलरी खळ्याच्या कडेला उठणार, असं वरून ठरलं. साहेब, म्हणजे आमचे स्थानिक पुढारी, स्वतः कोळीवाड्यात आले, यमुनाबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, स्पर्धा संपल्या की जागा जशीच्या तशी परत." बाकीच्या बायका तयार नव्हत्या. यमुनाबाईंनीच घरोघर जाऊन त्यांना तयार केलं. मी लेखी घ्या म्हणत होतो. "मास्तर, तुमचा नुसता कागदावर इस्वास," त्या म्हणाल्या. पाया पडलेला माणूस खोटं बोलत नाही, अशी त्यांची समजूत होती. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

स्पर्धा झाल्या, झेंडे उतरले, परदेशी नौका पेट्यांत बसून परत गेल्या... आणि खळ्यावर 'वारसा उद्यान' उगवू लागलं. गॅलरी तशीच राहिली; सारवलेल्या जमिनीवर हिरवळ आणि फरशा आल्या. मध्यभागी सिमेंटची कोळीण उभी राहिली, टोपलीत सिमेंटचीच पापलेटं. आमच्या खाडीत पापलेट मिळत नाही, पण शिल्पकाराला ते कोण सांगणार? फाटकावर फलक लागला : 'उद्यानात मासळी आणण्यास सक्त मनाई.' मी अर्ज लिहीत राहिलो, साहेब "बघू" म्हणत राहिले. दरम्यान कोळीवाड्यातल्या बायकांनी यमुनाबाईंशी बोलणं टाकलं. बाजारात त्यांच्या शेजारची बसायची जागा रिकामी राहू लागली. साहेबांचं खोटं यमुनाबाईंनी एक वेळ सोसलं असतं. आपल्या शब्दावर बायका फसल्या, हे सोसवेना.

उद्घाटनाला स्वागतासाठी नऊवारीतल्या, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी हव्या होत्या. यमुनाबाई आपण होऊन रांगेत उभ्या राहिल्या. टोपलीत कागदी फुलं असणार असं धरून कुणी आत पाहिलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी अर्धा वाळलेला जवळा पाण्याने भिजवून ओल्या गोणपाटाखाली उन्हात ठेवला होता. वाळत्या जवळ्याला पाणी लागलं तर कोळीण रडते. यांनी आयुष्यात पहिल्यांदा माल मुद्दाम कुजवला. समारंभ चारला होता. चारला वारा खाडीकडून येतो, हे त्यांना ठाऊक होतं. मंचाच्या मागे, खाडीकडच्या गॅलरीच्या पायरीवर बसून त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं. साहेब नुकते 'खाडीची संस्कृती' या शब्दांपर्यंत आले होते. ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांचे रुमाल एकामागून एक नाकाशी गेले. पुष्पगुच्छ घेऊन उभ्या असलेल्या एक बाई हिरवळीवर ओकल्या.

साहेब मागे वळून दातओठ खात म्हणाले, "मावशी, काय आणलंय हे?"

"संस्कृती," यमुनाबाई म्हणाल्या. माइक चालूच होता.

दुसऱ्या दिवशी त्या चांगला ताजा जवळा घेऊन फाटकाशी गेल्या. पहारेकऱ्याने फलक दाखवला. त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं. "आधी तिच्या टोपलीतली मासली काढ, मंग माझी." तो हसला, आणि इथेच हरला. आठवड्याभरात साऱ्या बायका गॅलरीच्या पायऱ्यांवर जवळा पसरू लागल्या, आणि यमुनाबाईंशी बोलूही लागल्या. सिमेंट तापतं, जवळा लवकर वाळतो, असं मी एकदा कौतुकाने म्हणालो, तर यमुनाबाई केवढ्या उसळल्या! "जागा नाय दिली त्यानं. पायरी दिली. माझा शबुद अजून परत नाय आला, मास्तर." शेवटपर्यंत त्या यावर अडून राहिल्या.

त्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी उद्यानाच्या फाटकावर फ्लेक्स लागला. हात जोडलेले साहेब दरवाजाएवढे. यमुनाबाई कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. 'मावशींच्या जाण्याने पोरका झालो.' मी घरी जाऊन साहेबांना पत्र लिहायला घेतलं, आणि फाडून टाकलं. अर्जांचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

परवा पुन्हा तिकडे गेलो, तर फाटकावर फ्लेक्स नव्हता. यमुनाबाईंची सून रंजना गॅलरीत होती. सासूचा फोटो तिने कातरून घरी नेला होता, आणि उरलेला फ्लेक्स, साहेबांसकट, पायरीवर अंथरून त्यावर ओला जवळा पसरत होती. कपाळ झाकलं गेलं होतं, डोळे झाकले गेले होते. नाक तेवढं उघडं होतं.

"अगं, उलटा अंथरायचास," मी म्हटलं. "कुणी पाहिलं तर?"

रंजनाने ओंजळभर जवळा उचलला आणि नाकाच्या अगदी कडेला नीट रचला.

"उलटा घातला, तर त्याला वास कसा येनार, मास्तर?"