पद्माअक्कांच्या बिनपायडलच्या सायकली

पद्माअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या औषधांच्या दुकानात नवीन आलेला माल लावत होते. फोनवर त्यांची सून होती. "काकू, अक्का गेल्या. सकाळी चहा मागितला आणि…" महिन्याभरापूर्वीच मी त्यांना भेटून आले होते. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्यांना चालायला वॉकर दिला होता. मी पोचले तेव्हा त्या पलंगावर बसून मुलाला झापत होत्या, "ह्यो कुणाच्या मापाचा आणलास? माझं खांदं कानाला लागाल्यात. खाली घे एकेक भोक." चारही पाय खाली घेतल्याशिवाय त्या उठल्याच नाहीत. उठल्या आणि खोलीच्या दारापर्यंत जाऊन आल्या. वस्तू माणसाच्या मापाची हवी, माणसाने वस्तूच्या मापाचं व्हायचं नाही, यावर त्या शेवटपर्यंत अडून राहिल्या.

राजारामपुरीत आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. त्या लहान मुलांचे शाळेचे गणवेश शिवायच्या. येणारी प्रत्येक आई एकच सांगायची, "अक्का, वाढत्या अंगाचं शिवा." अक्का आत भरपूर दुमड ठेवून शिवून द्यायच्या, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तीच माणसं सायकलसुद्धा वाढत्या अंगाची घेतात, पहिली-दुसरीतल्या पोराला थेट दहावीपर्यंत पुरेल अशी, हे बघून त्यांचं डोकं फिरायचं. "कापड ढगळ असलं तर पोरगं आत हिंडतं, पडत न्हाय. सायकल ढगळ असली की थेट दातावर!" त्यांच्या थोरल्या मुलाचा पुढचा दात असाच गेला होता आणि तिथून हे वेड सुरू झालं. कुणाच्या घरात लहान झालेली सायकल धूळ खात पडली असेल तर त्या मागून आणायच्या, अंगणात उलटी करून साफ करायच्या आणि गल्लीतल्या ज्याला बसेल त्या मुलाला वापरायला द्यायच्या.

मूल आलं की आधी शिलाईची टेप. पायाची आतली लांबी मापायची आणि सीट इतकी खाली घ्यायची, की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. सीटची नळी लांब असेल तर त्या सरळ करवतीने कापायच्या. एका बाईंनी घाबरून विचारलं, "अक्का, पोरगं उंच झाल्यावर काय करू?" "नवी नळी घाल की. नळी बाजारात मिळती, कोपर मिळत न्हाय." ब्रेकचा दांडा लहान बोटांना पोचेल असा आत घ्यायचा. मग मुलाला सायकल जमिनीवर आडवी पाडायला लावायची आणि एकट्याने उचलायला सांगायचं. उचलता आली नाही तर ती सायकल त्या मुलाची नाही, मग ती मामाने हौसेनं आणलेली का असेना. शेवटी मागची आधाराची चाकं काढायची आणि दोन्ही पायडलंही काढून ठेवायची. मुलानं सीटवर बसून पायानं जमीन ढकलत जायचं, बस्स. गल्ली हसायची. "अक्का, पायडल न्हाई तर ह्याला सायकल कशी म्हणायची?" "मग नगं म्हणूस. पोरगं तोल शिकलं की म्हण." सगळंच त्यांना जमायचं असंही नाही. एका पोराचं हँडल त्यांनी इतकं मागे घेतलं, की वळताना त्याचे गुडघे आपटू लागले. चूक त्यांनी मान्य केली, पण बऱ्याच दिवसांनी आणि पुटपुटत.

मी त्यांच्याकडे गेले ते माझ्या मुलीसाठी, मृणालसाठी. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. ती तेव्हा दुसरीत होती. आमच्या घरातही वाढत्या अंगाचीच सायकल आली होती. आमचे हे तिची सीट धरून मागून पळायचे आणि सगळे बाप म्हणतात तेच म्हणायचे, "धरलंय, धरलंय!" एकदा तिनं मागे वळून पाहिलं, तर हे लांब उभे राहून हसत होते. ती पडली, कोपर मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण पोरगी बदलली. सायकलला ती शिवेना, त्याचं मला फार वाटलं नाही. सायकल आली नाही म्हणून कुणाचं अडत नाही. पण रस्ता ओलांडताना यांचा हात धरला, की ती दर वेळी विचारायची, "पप्पा, खरंच धरलंय ना?" यांचा चेहरा उतरायचा. चॉकलेटं झाली, शपथा झाल्या, काही उपयोग नाही.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि आमची उंच सायकल बघून यांना म्हणाल्या, "पावणं, ही कुणासाठी घेतलासा? तुमच्यासाठी?" मग जिन्याखालून एक बुटकी निळी सायकल काढली, मृणालकडून पाडून-उचलून घेतली, पायडलं काढली आणि यांना पायरीवर बसवलं. "हितनं हालायचं न्हाय. हात लावायचा न्हाय. 'शाब्बास'सुद्धा म्हणायचं न्हाय." हे रोज संध्याकाळी येऊन मुकाट पायरीवर बसायचे. मृणाल आधी नुसती चालत होती, मग पाय ढकलू लागली, मग उतारावर पाय उचलून तरंगू लागली. पडायची नाही, कारण जमीन पायाखालीच होती.

पायडलं लावली त्या दिवशी मात्र ती अडली. बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मागं धरा." अक्कांकडे मागून धरायला सक्त मनाई. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या यांच्याकडे बघत होत्या. "धरा," त्या म्हणाल्या. "पण तोंडानं एक आन् हातानं एक, आसं चालायचं न्हाय. सांगून सोडायचं. ती 'सोडा' म्हणल्याबिगर सोडायचं न्हाय."

हे वाकून पळत सुटले. "सोडतो?" "नको!" चौकापर्यंत गेले, परत आले. "सोडतो?" "नको!" शर्ट बाहेर आला, दम लागला. अक्का फाटकातून ओरडत होत्या, "पळा पावणं, पळा! तवाच पळाला आसतासा तर आज ही पाळी आली नसती!" पुन्हा चौक, पुन्हा मागे. यांना आता बोलवतही नव्हतं. "सोडतो…?" मृणालनं आणखी दोन पायडलं मारली. मग समोर बघतच म्हणाली, "सोडा." यांनी सोडलं. ती गल्लीच्या टोकाला गेली, ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि वळून पाहिलं. जिथं सोडलं होतं तिथंच हे उभे होते, दोन्ही हात वर करून. मी अक्कांचे आभार मानायला वळले, तर त्या आत गेल्या होत्या. कणीक भिजवून ठेवली होती म्हणे. घरी जाताना मृणालनं चौकात यांचा हात धरला आणि काही न विचारता रस्ता ओलांडला.

आज मृणाल नोकरी करते, पुण्याच्या रहदारीतून स्कूटर चालवते. यांना मात्र त्या दिवसापासून एक सवय लागली ती लागलीच. कपाट सरकवताना, शिडी धरताना, दुसऱ्या टोकाला कुणीही असो, सांगितल्याशिवाय आणि 'सोडा' ऐकल्याशिवाय हे हात काढत नाहीत. हमाल वैतागतात. आमच्या दुकानाच्या शटरची स्प्रिंग कमजोर झाली आहे, ते दोघांनी दोन बाजूंनी धरून खाली घ्यावं लागतं. फोन आला त्या दिवशी आम्ही दुपारीच दुकान बंद करायला घेतलं. शटर कमरेपर्यंत आलं तेव्हा हे नेहमीसारखे म्हणाले, "सोडतो?" एरवी मी लगेच 'सोडा' म्हणते. त्या दिवशी म्हणवेना. हे वाकलेलेच राहिले, सगळा भार धरून. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "सोडा."