टर्बोवाल्या बाई

ऐंशीच्या दशकात आलमबागच्या एका गॅरेजमध्ये मी स्कूटर दुरुस्तीला नेली होती. तिथे पन्नाशीच्या एक बाई आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारला इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवून घेत होत्या. पदर खोचून शेवटचे बोल्ट त्यांनी स्वतः आवळले.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, यह इंजन इतना ज़ोर नहीं सहेगा. पिस्टन जल जाएगा."

"घर छोड़ा, तब मेरे बारे में भी सब यही कहते थे," असं म्हणून त्यांनी गाडी कानपूर रस्त्याला काढली.

तासाभरानं एक ट्रॅक्टर ती गाडी ओढत घेऊन आला. इंजिन जळालं होतं. बाई स्टीअरिंगमागे ताठ बसल्या होत्या, चेहऱ्यावर काजळी आणि डोळ्यांत चमक. मला हळहळ वाटली.

उतरताच त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "दूसरा इंजन ढूँढो. टर्बो नहीं उतरेगा."