देव्हाऱ्याची वाटणी

नोकरीत चोऱ्यांचे पंचनामे खूप केले, पण देव चोरीला गेल्याचा तो अर्ज आठवला की अजून हसू येतं आणि डोळेही भरतात.

अर्ज पिंपळवंडीच्या एका बागायतदाराचा होता. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेले कुलदेव, गायब झाले होते. संशय थेट सख्ख्या थोरल्या बहिणीवर. ती बोरी बुद्रुकला दिलेली.

दोघांचा जमिनीचा दावा नुकताच निकाली निघाला होता. मुलींना मुलाइतका हक्क देणारा कायदा झाला, त्याच्या आधीच वडील वारलेले. त्यामुळे खालच्या कोर्टाने तिला भावाबरोबरीचा हिस्सा नाकारला. तिचं अपील चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने तो निकष बदलला. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, बाप कधी वारला ते पाहायचं नाही. अपिलात ती जिंकली आणि भावाने बोलणं टाकलं.

"साहेब, जमीन तर गेलीच, आता देव बी नेलं तिनं," तो म्हणाला. आदल्या आठवड्यात ती आईला भेटून गेली होती, एवढाच काय तो पुरावा.

गुन्हा दाखल न करता मी अर्ज चौकशीवर ठेवला, परिसरातल्या सोनारांना कळवलं आणि दोघांना ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदारासमोर बाई ताठ बसली होती.

"जमीन मागितली ती उघड, कोर्टात मागितली. देव चोरून कशाला नेऊ?" ती म्हणाली. मग भावाकडे वळून हळूच विचारलं, "आईनं बीपीची गोळी घेतली का रं?"

माझ्या अनुभवात, चोरी केलेला माणूस ठाण्यात स्वतःचीच गाऱ्हाणी सांगतो. इथे बाईवर चोरीचा आळ होता आणि तिला आईच्या गोळीची पडली होती. माझा संशय तिथेच फिटला.

दोन दिवसांनी नारायणगावच्या एका सोनाराचा फोन आला. एका आजींनी जुने टाक आणून दिले होते, अगदी तसेच नवे घडवायला, आणि त्या आज न्यायला येणार होत्या. मी भावाबहिणीला घेऊन दुकानात गेलो. थोड्या वेळाने पिशवी सांभाळत त्यांची आईच पायरी चढून आली.

"आई, तू?" पोराचा चेहरा पडला.

"मंग कोण? कोर्टानं पोरीला पोरासारखं धरलं न्हवं? दोन भाऊ येगळं झालं की दोघांच्या घरात देव लागत्यात. तिला नकोत व्हय?"

"मला सांगायचं तरी!"

"तू येऊ दिलं असतंस व्हय? आन् देव्हाऱ्यावर तर फडकं हाय, आत देव न्हाईत हे तुला कळलं कसं?"

ते त्यानेच टाकलं होतं, देव गेल्याचं आईला कळू नये म्हणून. आईला वाटलं, सुनेने धूळ बसू नये म्हणून टाकलं असेल. एका घरात राहून दोघं एकमेकांना जपत होती आणि आळ मात्र तिसरीवर गेला होता. अर्जाचं कळताच म्हातारीने पोराला लाज वाटेल असं काही सुनावलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

सोनाराने दोन्ही संच लाल कापडावर मांडले. भाऊ वेगळे निघाले की जुने टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नवे घेतो, अशी आमच्याकडची रीत. पोरगा पुढे झाला. मग त्याने जुने टाक उचलले आणि बहिणीच्या ओंजळीत ठेवले.

"आक्का, थोरली तू हायेस."

बाई इतका वेळ ताठ होती, ती आता ढसाढसा रडली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "जुनं तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मी नवं नेते. पन जमिनीतलं इंचभर सोडायची न्हाई हां!"

भाऊ रडता रडता हसला. अर्ज तिथेच मिटला.

दिवाणी वादात पोलिसाने पडू नये, हे खरंच आहे. पण कोर्टाने बदललेला निकष घराने कधी मानला, हे निकालाच्या तारखेवरून कळत नाही, एवढं मी त्या दुकानात शिकलो. घरी येऊन बायकोला सारं सांगितलं आणि म्हणालो, आपल्याही लेकीसाठी देवांचे नवे टाक करायला टाकू.

ती म्हणाली, "टाका. नवे धाकट्याला होतील. जुने आपल्या लेकीचे."