किमोनोच्या कॉलरवरचा डाग

आई गेल्यावर तिच्या साड्या विकायच्या म्हणून आज अमेरिकेतल्या माझ्या अ‍ॅशबर्नच्या घरी तिची ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास थेट डोक्यात गेला.

२००४ साली शिकागोत शिकत असताना जुन्या बाजारात मी एक निळा किमोनो हातात घेऊन पाहिला होता, त्याला हाच वास होता. रेशीम गार होतं, बाह्यांवर पांढरे बगळे. टेबलामागची म्हातारी जपानी बाई माझ्याकडे रोखून बघत होती. भाव पाडायचा तर आधी वस्तूला नावं ठेवायची, हे मी पुण्यात आईकडूनच शिकलेले.

"कॉलरवर डाग आहे, अस्तर विटलंय. कोण घेणार हे?" मी इंग्रजीत सुनावलं.

तिने किमोनो माझ्या हातातून ओढून घेतला. "तो डाग माझ्या आईच्या मानेचा आहे. निघ इथून."

"एवढं होतं तर विकायला कशाला मांडलं?" म्हणत मी तणतणत निघाले. पुढे कित्येक वर्षं त्या खडूस बाईचा किस्सा मी रंगवून सांगितला.

आज साड्या बघायला आलेल्या बाईंनी आईची नारायणपेठी उजेडात धरली. "काठ विरलेत हो," त्या म्हणाल्या.

मी साडी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि दार उघडून उभी राहिले.