काळ्या बिबट्याचे अकरा सेकंद

नाकवाले काका बिबट्यानं मुतलेले बुंधे हुंगत फिरायचे, आणि पहिल्या दिवशी मला त्यांचीच किळस आली होती. बिबट्या हद्द आखायला झाडांवर मुततो. काका बुंध्याला नाक लावून सांगायचे, "आजचं नाही, परवाचं." मग त्याच वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधायचे. समोर काही हललं की तो आपोआप चालू होतो. चालतो की नाही ते बघायला काका स्वतः त्याच्यासमोरून रांगत जायचे. साठीचा माणूस, गुडघ्यांना चिंध्या गुंडाळलेला. आधी लाकडाच्या वखारीत हमाली केली, बायको गेल्यावर बारा वर्षं हेच. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक मेमरी कार्डावर पहिली क्लिप त्यांच्या रांगण्याची असायची. ऑफिसात बसून ती कार्डं तपासायचं काम माझं.

फिल्मवाल्या साहेबांना काळा बिबट्या हवा होता. दोन वर्षं झाली, शेपूटसुद्धा दिसेना. गावाबाहेरच्या माळावर कंपनीनं तंबू ठोकले, गाड्या लावल्या. त्याच माळावरच्या झुडपांत गावातल्या बायका पहाटे परसाकडे जायच्या, याची कुणी साधी चौकशी केली नाही. शिकलेली माणसं हो सगळी! बायका मग ओढ्याकडच्या उतारावर जाऊ लागल्या. आमची भांडी घासणाऱ्या मावशीसुद्धा. काकांना हे ठाऊक नव्हतं. असल्या गोष्टी बाईमाणूस कुणाला सांगणार? त्यांनी नेमका त्याच उतारावर कॅमेरा बांधला.

मंगळवारी काका कार्ड घेऊन आले. मी लावलं. आधी काका रांगत गेले. मग मावशी आल्या आणि बसल्या. त्यांच्या मागे वीस पावलांवर काळा बिबट्या झुडपातून बाहेर आला, थबकला, एकदा त्यांच्याकडे बघितलं, तोंड फिरवलं आणि निघून गेला. अकरा सेकंद. मावशींना पत्ताच नाही.

मी ओरडले तसे सगळे धावत आले. साहेब तर नाचायलाच लागले. "परत लाव! परत!" मी परत लावलं, आणखी परत लावलं. कुणीतरी म्हणालं, "बिबट्यालाही घाईची लागली वाटतं," आणि सगळे खिदळले. मीही हसले. सांगताना तोंड कडू होतं, पण हसले.

काका दारातच उभे होते. "साहेब, हे नका दाखवू."

"चेहरा धूसर करू की!"

"गाव काय नुसत्या चेहऱ्यानं ओळखतं होय? पाठमोरीही ओळखेल. त्यापेक्षा बाईंना कापा."

"तिला कापलं तर उरतं काय? नुसतं मांजर! तिच्यामुळेच तर मजा आहे. आणि कामाला लागताना सही केलीय तिनं, चित्रीकरण चालेल म्हणून."

"मग त्यांच्यासमोरच लावा," असं म्हणून काका गेले आणि मावशींना घेऊनच आले. त्यांच्या हातांना साबणाचा फेस तसाच होता.

साहेबांना वाटलं, बाई खूश होतील. "मावशी, बघा तरी, तुमच्या मागे कोण आलंय!" मी बटण दाबलं. कशाला दाबलं? सवयीनं. त्या बोटाची मला अजून शिसारी येते.

मावशींनी शेवटपर्यंत बघितलं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "जनावरानं तरी तोंड फिरवलं. तुम्ही किती वेळा बघितलंत?"

काकांनी कार्ड उपसलं, दाढेखाली धरलं आणि कडकन मोडलं.

"कॉपी आहे ना?" साहेब माझ्यावर किंचाळले. नव्हती. ते काम माझंच, पण हसण्याच्या नादात राहून गेलं होतं. मग साहेबांनी आईबापावरून शिव्या घातल्या, दोन वर्षं पाण्यात गेली म्हणून डोकं धरलं आणि काकांना उभ्या उभ्या कामावरून काढलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"गेलं हो ताई. संपलं," ते मावशींना म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीपण बघितलंत ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली, आणि मावशी उरलेली भांडी घासायला निघून गेल्या.